गाणं विकत, किल्ली उसनी

एप्रिल २००८मध्ये एमएसएन म्युझिकच्या जुन्या ग्राहकांच्या मेलबॉक्समध्ये एक पत्र येऊन पडलं. मायक्रोसॉफ्टचं हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान २००४मध्ये थाटात उघडलं होतं आणि नोव्हेंबर २००६मध्ये त्यानं विक्री थांबवलीही होती. दुकान बंद झालं तरी विकलेली गाणी वाजत होती, म्हणून कुणाचं काही अडलं नव्हतं. पत्रात मात्र एक तारीख होती. ३१ ऑगस्ट २००८नंतर कंपनी या गाण्यांसाठी परवान्याच्या नव्या किल्ल्या देणार नव्हती. ज्या कॉम्प्युटरवर गाणी आज वाजतात तिथे ती वाजत राहतील; पण कॉम्प्युटर बदलला, किंवा त्याच कॉम्प्युटरवर एक्सपी काढून व्हिस्टा टाकली, की गाणी गप्प.

हे सगळं पैसे मोजून, रीतसर विकत घेतलेल्या गाण्यांबद्दल चाललं होतं. चोरून उतरवलेल्या एमपीथ्रीला असलं पत्र कधीच येणार नव्हतं. ती कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही वर्षी वाजणार होती. लोक भडकले ते यावर. आरडाओरड इतकी झाली की जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं ही मुदत २०११च्या अखेरपर्यंत वाढवली. शिक्षा रद्द झाली नाही, फक्त पुढची तारीख मिळाली.

अशा फायली आजही घरोघरच्या जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. जुना डेस्कटॉप भंगारात देताना कुणीतरी डिस्क तेवढी काढून ठेवलेली असते. ती नव्या लॅपटॉपला जोडून फोल्डर उघडावा, तर सगळं जागच्या जागी दिसतं: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, साल, मुखपृष्ठाचं चित्रसुद्धा. प्लेचं बटण दाबलं की परवाना नसल्याची पाटी येते, किंवा काहीच होत नाही. फाइल खराब झाली असं समजून माणूस ती उडवून टाकतो. वास्तविक फाइल धडधाकट असते, तिच्यातला एक बिटही हललेला नसतो. नाव, गायक, चित्र ही माहिती उघडीच ठेवलेली असते. कुलपात असतो तो फक्त आवाज.

या कुलपाचं कागदोपत्री नाव डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, बोलीभाषेत डीआरएम. ते आलं भीतीपोटी. जून १९९९मध्ये शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं नॅप्स्टर सुरू केलं आणि जगभरचे लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरमधली गाणी फुकट उतरवू लागले. कोर्टबाजी होऊन जुलै २००१मध्ये नॅप्स्टर थंडावलं, पण रेकॉर्ड कंपन्यांनी धसका घेतला तो घेतलाच. इंटरनेटवर गाणी विकायची तर ती कुलूपबंदच, या अटीवर त्या अडून बसल्या. पाच बड्या कंपन्यांना राजी करून ॲपलनं २८ एप्रिल २००३ला आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. २ लाख गाणी, प्रत्येकाची किंमत ९९ सेंट. पहिल्या आठवड्यातच १० लाख गाणी खपली.

त्या काळच्या मानानं ॲपलच्या अटी सैल होत्या. विकत घेतलेलं गाणं तीन कॉम्प्युटरवर वाजवता येई; वर्षभरात ही मर्यादा पाचवर गेली. आयपॉड कितीही चालत. गाण्यांची ऑडिओ सीडी राइट करायलाही मुभा होती, फक्त एकच यादी जशीच्या तशी दहापेक्षा जास्त वेळा राइट करता येत नसे. पुढे दहाचे सात झाले. ही सीडीची सवलत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे बुडत्याला आधार मिळाला तो तिचाच.

ॲपलच्या कुलपाचं नाव फेअरप्ले. त्याची रचना एखाद्या पेटीसारखी समजून घेता येते. पेटीला कुलूप, त्या कुलपाची किल्ली एका लहान डबीत, ती डबी पेटीलाच बांधलेली, आणि डबीची किल्ली मात्र दुकानदाराच्या गल्ल्यात. एम४पी या नावानं शेवट होणाऱ्या फाइलमध्ये गाण्याचा आवाज एका मुख्य किल्लीनं एन्क्रिप्ट केलेला असतो. ती मुख्य किल्ली त्याच फाइलमध्ये असते, पण तीही दुसऱ्या किल्लीनं बंद केलेली. ही दुसरी किल्ली ग्राहकाच्या खात्याची. तिची एक प्रत ॲपलच्या सर्व्हरवर राहते आणि ‘ऑथराइझ’ केलेल्या कॉम्प्युटरवर दुसरी प्रत येते. आयट्यून्स दर वेळी ही साखळी उलट्या क्रमानं सोडवत जातं आणि गाणं सुरू होतं. सगळं क्षणार्धात घडतं, त्यामुळे कुलूप आहे याचा पत्ताही लागत नाही.

पत्ता लागतो तो कॉम्प्युटर फॉरमॅट मारल्यावर.

दिलेली किल्ली दुसऱ्या यंत्रावर उचलून नेता येऊ नये म्हणून आयट्यून्स ती त्या यंत्राच्या ओळखीशी जखडून ठेवत असे. विंडोजवर ही ओळख चार गोष्टींतून काढली जाई: सी ड्राइव्हचा अनुक्रमांक, बायॉसची आवृत्ती, प्रोसेसरचं नाव आणि विंडोजचा प्रॉडक्ट आयडी. आता गंमत पाहा. डिस्क फॉरमॅट केली की ड्राइव्हचा अनुक्रमांक बदलतो. म्हणजे तेच टेबल, तोच डबा, तोच मालक, पण आयट्यून्सच्या लेखी हा परका कॉम्प्युटर. पाचांपैकी एक जागा आधीच्या अवतारानं अडवलेली, ती तशीच अडकून राहते. व्हायरसच्या त्या सुवर्णयुगात विंडोज नव्यानं टाकणं हा सहामाही विधी होता, त्यामुळे एकाच कॉम्प्युटरवर पाचही जागा संपवलेले लोक कमी नसतील.

मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी होती आणि, परखडच बोलायचं तर, जास्त ठिसूळ. विंडोज मीडियाच्या संरक्षित फाइलच्या सुरुवातीलाच दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: गाण्याला कुठली किल्ली लागते तिचा क्रमांक, आणि ती किल्ली जिथे मिळते त्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता. प्लेअर आधी कॉम्प्युटरमधल्या परवान्यांच्या दडवलेल्या साठ्यात शोध घेतो. तिथे परवाना सापडला नाही तर फाइलमधल्या पत्त्यावर जाऊन मागतो. दुकान बुडालं, पत्ता मेला, की पुढचा रस्ता खुंटला. परवान्यांचा साठा नव्या कॉम्प्युटरवर नुसता कॉपी करून भागत नाही, कारण तोही जुन्या यंत्राशी बांधलेला. जुनी हार्ड डिस्क नव्या डब्यात बसवली तरी तेच उत्तर. विंडोज मीडिया प्लेअरच्या दहाव्या आवृत्तीपर्यंत परवान्यांचा बॅकअप घेण्याची सोय होती. अकराव्या आवृत्तीत ती काढून टाकली. ज्या वर्षांत तिची खरी गरज पडणार होती, नेमकी त्याच वर्षांत!

या सगळ्याला मायक्रोसॉफ्टनं २००४मध्ये नाव दिलं होतं ‘प्लेज फॉर शुअर’. हा शिक्का दुकानावर आणि प्लेअरवर दोन्हीकडे दिसला की गाणं हमखास वाजणार, असा वायदा. दोन वर्षांनी मायक्रोसॉफ्टनं स्वतःचा झ्यून हा प्लेअर बाजारात आणला. त्यावर ‘प्लेज फॉर शुअर’ची गाणी वाजत नव्हती. कंपनीच्या दुकानातून कंपनीच्या कुलपात घेतलेलं गाणं कंपनीच्याच यंत्रावर चालेना. एवढ्यावर न थांबता डिसेंबर २००७मध्ये त्या शिक्क्याचं नावही बदलून टाकलं.

सीडीलाही कुलूप घालून पाहिलं गेलं, ते प्रकरण मात्र प्रहसनाच्या अंगानं गेलं. २००३मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्यानं दाखवून दिलं, की एका कंपनीची कॉपी-प्रतिबंधक सीडी कॉम्प्युटरमध्ये घालताना शिफ्टचं बटण दाबून धरलं तर संरक्षण सुरूच होत नाही. कंपनीनं त्याच्यावर दावा ठोकण्याची भाषा केली आणि लगेच माघारही घेतली. बटण दाबणं हा गुन्हा कसा ठरवणार? दोन वर्षांनी सोनी बीएमजीच्या सीड्यांनी लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप एक सॉफ्टवेअर सोडल्याचं विंडोजतज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ला उघड केलं. स्वतःला लपवणारं हे सॉफ्टवेअर व्हायरसलाही लपायला जागा करून देत होतं. सीड्या परत बोलवाव्या लागल्या, दावे झाले, आणि ऑडिओ सीडीला कुलूप लावण्याचा उत्साह मावळला.

एमएसएनच्या पत्रानंतर २००८मध्ये जणू साथच आली. सोनीचं कनेक्ट हे दुकान मार्चमध्ये मिटलं होतं. जुलैमध्ये याहू म्युझिकनं जाहीर केलं, की ३० सप्टेंबरला किल्ल्यांचे सर्व्हर बंद होतील. लोकांनी झोडपल्यावर त्यांनी ग्राहकांना कूपनं किंवा पैसे परत देण्याची तयारी दाखवली. मग वॉलमार्टनं ९ ऑक्टोबरची तारीख दिली आणि ग्राहकांचा रोख पाहून काही दिवसांतच ती मागे घेतली. या कंपन्यांनी गिऱ्हाइकाला दिलेला सल्ला मजेशीर होता: गाणी ऑडिओ सीडीवर राइट करून ठेवा. कुलूप घालून विकायचं, कुलूप निरुपयोगी झालं की ते कसं चुकवायचं तेही आपणच सांगायचं.

तोवर कुलपाचा पायाच ढासळला होता. ६ फेब्रुवारी २००७ला स्टीव्ह जॉब्स यांनी एक जाहीर पत्र लिहून रेकॉर्ड कंपन्यांना कुलूप काढण्याचं आवाहन केलं. त्यातला हिशेब असा: २००६च्या अखेरपर्यंत ९ कोटी आयपॉड विकले गेले आणि आयट्यून्सवरून २०० कोटी गाणी. म्हणजे आयपॉडमागे जेमतेम २२. हजार गाणी मावणाऱ्या यंत्रात कुलपातली गाणी तीन टक्क्यांच्याही आत. शिवाय २००६ या एका वर्षात ऑनलाइन दुकानांतून २०० कोटींच्या आत संरक्षित गाणी खपली, तर याच कंपन्यांनी सीडीवरून २,००० कोटींहून जास्त गाणी बिनकुलपाची विकली. एवढी सताड उघडी दारं असताना एका खिडकीला गज लावून काय साधणार होतं? अर्थात जॉब्स हे काही निःस्वार्थी संत नव्हते. फेअरप्लेमुळे गिऱ्हाईक आयपॉडला बांधलं जातं म्हणून युरोपातले ग्राहक-अधिकारी ॲपलच्या मागे लागले होते, आणि हे पत्र त्यांनाही उद्देशून होतं.

ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं पहिली माघार घेतली. मे २००७च्या अखेरीस आयट्यून्सवर तिची बिनकुलपाची गाणी आली. आवाजाचा दर्जा १२८वरून २५६ केबीपीएस, किंमत १ डॉलर २९ सेंट. सप्टेंबरमध्ये ॲमेझॉननं साध्या एमपीथ्रींचं दुकानच थाटलं. ६ जानेवारी २००९ला ॲपलनं सगळ्या बड्या कंपन्यांची गाणी मोकळी होत असल्याचं जाहीर केलं. आधी घेतलेली गाणी आपोआप मोकळी झाली नाहीत. त्यासाठी प्रत्येक गाण्यामागे ३० सेंट भरावे लागत. दुकानदाराच्या सोयीसाठी लावलेलं कुलूप, आणि ते काढण्याची हमाली गिऱ्हाइकाच्या माथी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला प्रश्न पडेल, की हे सगळं अमेरिकेत घडलं, आपला काय संबंध? बराचसा नाहीच. भारतात आयट्यून्स स्टोअर डिसेंबर २०१२मध्ये आलं, तेव्हा कुलपं निघालेली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्लिपकार्टनं सुरू केलेलं फ्लाइट हे दुकानही साध्या एमपीथ्रीच विकत असे. ते पुढल्या वर्षी बंद पडलं, पण ज्यांनी गाणी उतरवून घेतली त्यांची गाणी शाबूत राहिली. त्याआधीच्या दशकात आपल्याकडे रेकॉर्ड कंपन्या शंभर-शंभर गाण्यांच्या एमपीथ्री सीड्या राजरोस विकत होत्या, आणि नाक्यानाक्यावरच्या मोबाइल दुकानांत ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या होत्या. त्या पाटीखालच्या व्यवहाराला कुलूपच काय, पावतीही नसे.

तरी दोन वाटांनी कुलूप आपल्याही घरात शिरलं. एक वाट अमेरिकेतल्या मुलांनी-भावंडांनी आणलेल्या आयपॉडची आणि त्यांच्या जुन्या लॅपटॉपची. दुसरी वाट जास्त घातकी, कारण तिथे विक्री झालीच नव्हती. दोन हजारच्या दशकात कॉम्प्युटर घेणाऱ्या माणसानं घरातल्या सीड्या, म्हणजे नाट्यगीतं, अभंग, भावगीतं, एखाद्या मैफलीचं ध्वनिमुद्रण, विंडोज मीडिया प्लेअरमधून रिप केल्या. प्लेअर त्या डब्ल्यूएमए या स्वतःच्या प्रकारात साठवी; एमपीथ्रीत रिप करण्याची सोय दहाव्या आवृत्तीत, २००४मध्ये आली. आणि टूल्स, मग ऑप्शन्स, मग रिप म्युझिक इतकं आत शिरल्यावर एक चौकट होती: ‘कॉपी प्रोटेक्ट म्युझिक’. तिथे बरोबरची खूण असली, तर स्वतःच्या पैशानं घेतलेल्या सीडीवरून, स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवलेलं गाणंही कुलूपबंद होई आणि त्याचा परवाना त्याच कॉम्प्युटरला बांधला जाई. ज्यानं गाणी चढवली त्याला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वर ‘प्रोटेक्ट’ हा शब्द वाचून भल्या माणसाला खूण असू द्यावी असंच वाटणार.

असं झालेल्या फायलींसाठी मायक्रोसॉफ्टनं एक सोय ठेवली होती. नव्या कॉम्प्युटरवर गाणं वाजवायला गेलं की कंपनीच्या पानावर नेऊन हक्क परत मिळवून दिले जात, तेही मोजक्याच वेळा. मग सप्टेंबर २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टनं या जुन्या डीआरएम सेवा निवृत्तीच्या मार्गावर असल्याचं जाहीर केलं. त्या पूर्ण बंद झाल्यावर काय चालणार नाही याची यादीही दिली, आणि विंडोज ७वर स्वतःच्या सीडीवरून रिप केलेली संरक्षित गाणी त्या यादीत नाव घेऊन आहेत. अशा घरात सीड्या अजून असतील तर सरळ शहाणपणाचा मार्ग म्हणजे त्या पुन्हा रिप करणं, या वेळी फ्लॅक किंवा एमपीथ्रीमध्ये. सीडी ओरखडे पडून, बुरशी लागून गेली असेल तर मात्र मामला अवघड.

आता नव्या कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष काय करता येतं ते पाहू. पहिलं काम रोगनिदानाचं. मॅकवर किंवा आयट्यून्समध्ये गाण्यावर उजवं क्लिक करून माहितीची खिडकी उघडली की ‘काइंड’पुढे फाइलचा प्रकार लिहिलेला असतो. ‘परचेस्ड एएसी’ असेल तर गाणं मोकळं आहे, अडचण दुसरी कुठली तरी आहे. ‘प्रोटेक्टेड एएसी’ असेल तर कुलूप आहे. त्याच खिडकीत गाणं कुणाच्या खात्यावरून घेतलं तेही दिसतं, आणि अर्धी प्रकरणं इथेच उलगडतात: गाणी धाकट्या भावाच्या, किंवा आता कुणी न उघडणाऱ्या ई-मेलच्या खात्यावर घेतलेली निघतात. विंडोजमध्ये डब्ल्यूएमए फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रोटेक्टेड’पुढे हो किंवा नाही लिहिलेलं असतं.

ॲपलच्या फायलींचं नशीब बरं, कारण दुकान जिवंत आहे. नव्या मॅकवर म्युझिक या ॲपमध्ये किंवा विंडोजवर आयट्यून्समध्ये त्या जुन्या खात्यानं शिरून ‘ऑथराइझ धिस कॉम्प्युटर’ निवडलं की वीस वर्षांपूर्वीचं गाणंही उघडतं. पाच कॉम्प्युटर भरल्याचा संदेश आला तर खात्याच्या पानावर सगळे एका फटक्यात रद्द करायचं बटण असतं; ते वर्षातून एकदाच वापरता येतं. खात्याचा पासवर्ड मात्र हवाच. खरेदी करणारी व्यक्ती हयात नसेल आणि पासवर्ड कुणाला ठाऊक नसेल, तर मुलांच्या हाती गाण्यांच्या नावांची यादी तेवढी उरते.

कुलूप कायमचं काढायचा रीतसर मार्ग आयट्यून्स मॅच हा. ॲपलनं नोव्हेंबर २०११मध्ये अमेरिकेत वर्षाला २४ डॉलर ९९ सेंटमध्ये तो सुरू केला. आपल्या संग्रहातलं गाणं दुकानात असलेल्या गाण्याशी जुळलं, की जुनी १२८ केबीपीएसची कुलूपबंद फाइल काढून जागी २५६ केबीपीएसची मोकळी फाइल उतरवून घेता येते, आणि वर्गणी संपली तरी ती आपलीच राहते. एक खबरदारी घ्यावी: जुन्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय काही उडवू नये. दुकानातून मधल्या काळात काढून टाकलेलं गाणं जुळणारच नाही, आणि तेच नेमकं दुर्मिळ असतं.

जुना मार्ग सीडीचा. आज लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. सीडीवर ८० मिनिटं मावतात, म्हणजे चार-चार मिनिटांची २० गाणी. राइट करताना ‘ऑडिओ सीडी’च निवडायची, ‘डेटा’ निवडली तर कुलूपबंद फायली कुलपासकट सीडीवर जातात आणि सगळी मेहनत वाया. सीडी तयार झाली की त्याच कॉम्प्युटरवर ती लगेच परत रिप करावी, म्हणजे आयट्यून्सला गाण्यांची नावं बहुधा आठवतात. नाहीतर ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ असं बारसं हातानं करत बसावं लागतं. पुन्हापुन्हा पुसता येणारी सीडी-आरडब्ल्यू घेतली तर एकाच चकतीवर सगळं भागतं.

आवाजाचं काय होतं? १२८ केबीपीएसचं चार मिनिटांचं गाणं जेमतेम ४ एमबीचं असतं. सीडीवर तेच १,४११ केबीपीएसनं उलगडून ४२ एमबी होतं, पण म्हणून आवाज सुधारत नाही. एकदा गाळलेलं परत येत नाही. ते रिप करताना पुन्हा एमपीथ्री केलं तर दुसऱ्यांदा गाळलं जातं. तानपुऱ्याच्या झंकारात किंवा झांजेच्या आवाजात हा फरक कान असलेल्या माणसाला कळतो. फ्लॅक किंवा ॲपल लॉसलेसमध्ये रिप केलं तर दुसरी गाळणी टळते. फाइल मोठी होते, पण आजच्या डिस्कच्या हिशेबात ते चणेफुटाणे.

विंडोजच्या कुलपातलं गाणं, दुकान बुडालेलं आणि मूळ सीडी नसलेली, अशी अवस्था असेल तर एकच आशा उरते: जुना कॉम्प्युटर अजून चालू होतो का. होत असेल तर त्याला आधी इंटरनेटपासून तोडावं, विंडोज अद्ययावत करण्याच्या भानगडीत पडू नये, आणि परवाने तिथे शाबूत आहेत तोवर गाण्यांच्या ऑडिओ सीड्या राइट कराव्यात. परवान्यात राइट करण्याची मुभाच नसेल, तर स्पीकरच्या भोकातून वायर काढून ती नव्या कॉम्प्युटरच्या लाइन-इनला लावावी आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये गाणं वाजवत वाजवत रेकॉर्ड करावं. कुठलंही कुलूप कानापाशी येऊन सुटावंच लागतं, त्याचा हा फायदा. पाचशे गाण्यांना तेहतीस तासांवर वेळ लागेल, एवढंच.

कुलूप फोडणारी सॉफ्टवेअरंही निघाली होती. डीव्हीडीच्या कुलपाच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या नॉर्वेच्या यॉन लेक योहान्सेन या तरुणानं नोव्हेंबर २००३मध्येच फेअरप्लेला बगल दिली. कुलूप उघडून गाणं मेमरीत आलं, की त्याचा प्रोग्रॅम ते तिथून उचलून डिस्कवर लिही. ॲपलनं रस्ता बुजवायचा आणि कुणीतरी नवा काढायचा, हा खेळ पुढे कैक वर्षं चालला. अमेरिकेत १९९८च्या कायद्यानं असं कुलूप फोडणं, मग हेतू काहीही असो, सहसा बेकायदाच ठरतं. भारतात २०१२च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं. त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, पण हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप फोडलं तरच. कायद्यानं स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी केलेली कृती या कलमातून वगळली आहे. आपलं विकत घेतलेलं गाणं आपल्याच नव्या कॉम्प्युटरवर ऐकू पाहणाऱ्या माणसाला त्यात जागा सापडते. आपल्या कायदेमंडळानं इथे अमेरिकेपेक्षा जास्त तारतम्य दाखवलं, हे कबूल करायला हरकत नाही.

आणखी एक गोंधळ अलीकडचा. ॲपल म्युझिकच्या मासिक वर्गणीत मॅकवर उतरवलेल्या गाण्यांनाही फेअरप्लेचंच कुलूप असतं, आणि त्यांच्याही नावाचा शेवट एम४पी असाच. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये २००५ साली ९९ सेंट देऊन घेतलेलं गाणं आणि गेल्या महिन्यात वर्गणीवर उतरवलेलं गाणं शेजारी शेजारी बसतात आणि वरून सारखी दिसतात. वर्गणी थांबली की दुसरं मुकं होतं. पहिलं खातं आहे तोवर वाजतं. डिस्क भरली म्हणून एम४पी शोधून सरसकट उडवण्याआधी माहितीच्या खिडकीत ‘काइंड’ची ओळ वाचावी. ‘ॲपल म्युझिक एएसी’ असेल तर खुशाल उडवावं, पुन्हा उतरवता येईल. ‘प्रोटेक्टेड’ असेल तर त्याचे पैसे कुणीतरी कधीकाळी मोजलेले आहेत.